‘बॉलनं उत्तर दे’ एवढ्यानं भागतं का?

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या आई इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतात. मुलगा चौदा वर्षांचा, ऑफस्पिनर. क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या संघात तो आहेच, यंदापासून शनिवारी मोठ्यांच्या तिसऱ्या संघातही खेळतो. दोन शनिवारांपूर्वी तो दहाव्या क्रमांकावर बॅटिंगला गेला, तेव्हा स्लिपमधल्या दोघांनी त्याला ‘पी’नं सुरू होणारी, पाकिस्तान्यांना हिणवायची ती शिवी हासडली, घरी जाऊन करी ढवळ असंही सुनावलं. हे तीन-चार ओव्हर चाललं. आपल्या कॅप्टनला सांगितलं तर तो म्हणाला, मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये एवढी थट्टा चालायचीच. मुलगा म्हणतो, विषय वाढवू नका. वडील म्हणतात, पुढच्या वेळी बॉलनं उत्तर दे, आणि आपण पाकिस्तानी नाही, भारतीय आहोत हेही सांग. सांगलीचे आजोबा म्हणतात, परक्या मुलखात चार शब्द गिळावे लागतात. आईंना तक्रार करायची आहे, पण सीझन संपल्यावर काउंटीच्या, म्हणजे जिल्हा संघाच्या, निवड चाचण्या आहेत. तोवर मुलावर ‘कटकट्या’ असा शिक्का बसला तर काय, ही त्यांची धास्ती.

उत्तर :

तुमच्या घरात चार मतं आहेत आणि चारही मुलाच्या काळजीपोटी आलेली आहेत. पण चौघांनी एक गोष्ट न बोलता धरून चालली आहे : हे प्रकरण निस्तरायचं कुणी, तर मुलानं. त्यानं विकेट काढाव्यात, त्यानं गिळावं, त्यानं खुलासा करावा, किंवा तक्रारीचं ओझं त्यानं वाहावं. आधी हेच जरा तपासून पाहू. मोठ्यांच्या सामन्यात अठरा वर्षांखालचा मुलगा खेळतो तेव्हा मैदानावरच्या मोठ्या माणसांवर त्याची जबाबदारी असते, आणि इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाशी संलग्न क्लबांमध्ये त्यासाठी सेफगार्डिंग ऑफिसर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं बघणारा माणूस, नेमलेला असतो. म्हणजे जो प्रश्न तुम्ही मुलाच्या धीराचा समजताय, तो आधी क्लबाच्या कामाचा आहे. तुमचा कॅप्टन ते काम न करता मोकळा झाला.

वडिलांच्या दुसऱ्या सूचनेबद्दल आधी बोलतो, कारण ती बऱ्याच भारतीय घरांत ऐकू येते. ‘आम्ही पाकिस्तानी नाही’ हे उत्तर त्या दोघांच्या दृष्टीनं उत्तरच नाही. ती शिवी पासपोर्ट बघून दिली जात नाही. गेली पन्नासेक वर्षं ब्रिटनमध्ये ती पंजाबी, गुजराती, बांगलादेशी, तमिळ सगळ्यांना सारखीच ऐकवली गेली आहे. शिवाय या खुलाशातून मुलगा भलतंच शिकतो : शेजारच्या टीममधल्या पाकिस्तानी मुलाला तसं म्हटलं असतं तर ठीक होतं. त्याच मुलाबरोबर उद्या त्याला काउंटीच्या चाचणीत नेटमध्ये उभं राहायचं आहे.

आता ‘बॉलनं उत्तर दे’. यात थोडं खरं आहे. खेळात कामगिरीला वजन असतं आणि मुलाचं लक्ष खेळावर राहणं चांगलंच. पण हे वाक्य ज्यांच्या नावावर खपवलं जातं, त्यांनी नेमकं काय केलं ते पाहा. पहिलं नाव हमखास येतं ते अमेरिकन बेसबॉलमधल्या जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचं. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्स या तोवर गोऱ्यांच्याच असलेल्या संघाकडून पहिला सामना खेळला आणि शिव्यांना उलट उत्तर न देता टिकला, एवढंच सांगितलं जातं. त्या गप्प राहण्यामागचा करार कुणी सांगत नाही. १९४५ मध्ये डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्याशी ठरवून, सगळे धोके समजून-उमजून, त्यानं काही काळापुरता तो संयम पत्करला होता. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. मुळात तो गप्प बसणारा माणूसच नव्हता : त्याआधी सैन्यात असताना बसमध्ये मागच्या बाकावर जायला नकार दिला म्हणून त्याच्यावर १९४४ मध्ये लष्करी खटला चालला होता, त्यातून तो निर्दोष सुटला. आणि १९४९ पर्यंत त्यानं तो संयम सोडला होता. अंपायरशी, प्रतिस्पर्ध्यांशी तो उघड भांडू लागला, आणि त्याच वर्षी, बेसबॉलमध्ये फार चांगल्या मानल्या जाणाऱ्या .३४२ च्या सरासरीनं, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे त्याच्या संयमाला मुदत होती आणि पाठीशी मालक होता. तुमच्या मुलाकडे दोन्ही नाहीत. कॅप्टननं तर हात झटकलेत.

आजोबांशी बोलाल तेव्हा पळवणकर बंधूंची आठवण काढा, ती त्यांच्या ओळखीच्या मुलखातली आहे. तिथे भेद वर्णाचा नव्हता, जातीचा होता, पण चालत तो असाच होता. बाळू पळवणकर चर्मकार समाजातले. पुण्याच्या युरोपियन क्लबात ते खेळपट्टीची देखभाल करायचे आणि नेटमध्ये गोऱ्या साहेबांना बॉलिंग टाकायचे. पुढे पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं तर हा डावखुरा फिरकीवाला हवाच होता. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हातात घ्यायचा, पण चहाची वेळ झाली की त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताट वेगळं, जागा वेगळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त विकेट काढल्या. बॉलनं उत्तर द्यायचं म्हणतात ते याहून जास्त काय द्यायचं? तरीही हिंदू संघाचं कॅप्टनपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० च्या चौरंगी (युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम) सामन्यांच्या वेळी पुन्हा डावललं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघातून बाहेर पडले आणि का बाहेर पडतोय ते त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केलं. १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले. कामगिरी होती म्हणून त्यांच्या नकाराला वजन आलं हे खरं, पण नुसत्या कामगिरीवर वीस वर्षांत कॅप्टनपदाचं दार उघडलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आणि अगदी अलीकडचं, तुमच्या मुलाला पटेल असं उदाहरण. जानेवारी २०२१, सिडनी कसोटी. मोहम्मद सिराजची ती पहिलीच कसोटी मालिका, वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. सीमारेषेवर फील्डिंग करताना प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली. त्यानं मागे वळून उलट शिवी दिली नाही आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं नाही. तो चालत कॅप्टनकडे आला. अजिंक्य रहाणे त्याला घेऊन अंपायरकडे गेला, खेळ काही मिनिटं थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आलं. मैदान सोडण्याचा पर्याय होता, रहाणे म्हणाला आम्ही खेळणार. पुढच्या ब्रिस्बेन कसोटीत सिराजनं डावात पाच विकेट काढल्या. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियानं खेळाडूंना वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याचं मान्य केलं, मात्र बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते असंही सांगितलं. हा शेवटचा भाग मुद्दाम सांगतोय. तक्रार बरोबर असते, तरी माणूस ओळखण्यात चूक होऊ शकते. म्हणूनच लगेच लिहून ठेवणं महत्त्वाचं.

आता कामाचं बोलू. दोन आठवडे उलटलेत, तेव्हा पहिलं काम आज रात्रीच करा. मुलाला घेऊन बसा आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तुम्ही शब्द सुचवू नका. ‘त्यांनी तुला पाकिस्तानी म्हणून हिणवलं ना?’ असं विचारलंत तर कागदावर तुमचं वाक्य येईल, आणि चौकशीत त्याला पुन्हा विचारलं की तो वेगळं सांगेल. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारत राहा. कागदावर काय हवं : तारीख, मैदान, कुठल्या संघाशी सामना, साधारण कितवी ओव्हर, समोर बॉलर कोण होता, बोलणारे कुठे उभे होते, दिसायला कसे होते, नेमके शब्द (फुल्या न घालता, जसे ऐकले तसे), किती वेळा, दुसऱ्या टोकाला बॅट्समन कोण होता, अंपायर कोण होते, नंतर कॅप्टनला काय सांगितलं आणि तो काय म्हणाला. बोलणाऱ्यांची नावं ठाऊक नसतील तर सामन्याचं ऑनलाइन स्कोअरकार्ड उघडून दोन्ही संघांची पानं साठवून ठेवा. स्लिपमध्ये झेल कुणी घेतला असेल तर तिथूनही नाव लागतं. खाली ‘हे अमुक तारखेला लिहिलं’ असं खरं लिहा. मागची तारीख टाकण्याचा मोह नको, त्यानं सगळ्याच कागदाचा विश्वास जातो.

तिसऱ्या संघाच्या सामन्यातली एक अडचण लक्षात घ्या. तिथे बहुतेक वेळा त्रयस्थ अंपायर नसतात, बॅटिंग करणाऱ्या संघाचेच खेळाडू पाळीपाळीनं उभे राहतात. म्हणजे मुलगा खेळत होता तेव्हा अंपायर बहुधा तुमच्याच क्लबाचा होता. तो साक्षीदारही आहे आणि आपलं काम न केलेला माणूसही. त्यामुळे ‘आमच्या कानावर नाही आलं’ असं आपल्याच माणसांकडून ऐकायची तयारी ठेवा. दुसऱ्या टोकाच्या बॅट्समनला मात्र आधी, मित्रत्वानं, स्वतंत्रपणे विचारा. ओव्हर संपल्यावर पीचच्या मधे दोघं भेटतात, तेव्हा मुलगा त्याला काही बोलला असण्याची शक्यता बरीच असते.

हा कागद क्लबाच्या सेफगार्डिंग ऑफिसरला ईमेलनं पाठवा. बारमध्ये गाठून, पार्किंगमध्ये गाडीच्या खिडकीतून, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात नको. तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंत ‘अमुकच्या आईला राग आलाय’ एवढीच उरते. ईमेल छोटा ठेवा. काय घडलं हे पाच-सहा ओळींत, मुलाचा कागद सोबत जोडलेला, आणि शेवटी चार प्रश्न : हे तुम्हाला मिळालं अशी पोच कधी द्याल, चौकशी कोण करणार, मुलाशी बोलायचं झालं तर पालक सोबत असतील ना, आणि लीगला, म्हणजे हे सामने भरवणाऱ्या संघटनेला, कोण कळवणार. ‘त्या दोघांवर बंदी घाला’ ही मागणी पहिल्या पत्रात घालू नका. शिक्षा ठरवणं लीगच्या शिस्तपालन समितीचं काम असतं, आणि सुरुवातीलाच शिक्षेवर बोट ठेवलं की चर्चा शिव्यांवरून तुमच्या स्वभावावर घसरते.

लीगकडे तक्रारीची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्या दिवसांची असते. लीगचं हँडबुक संकेतस्थळावर असतं, त्यात शिस्तीचा भाग काढून मुदत बघा. मुदत टळली असेल तरी पाठवा, आणि मूल असल्यानं उशीर झाला, कॅप्टनला त्याच दिवशी सांगितलं होतं, हे स्पष्ट लिहा. क्लबाकडून आठवड्यात पोच आली नाही तर काउंटी क्रिकेट बोर्डाच्या सेफगार्डिंग ऑफिसरकडे तोच ईमेल पुढे पाठवा, नव्यानं लिहू नका. जुन्या तारखेसकट तो पुढे गेलेला दिसला पाहिजे. मारण्याची धमकी, पाठलाग, सोशल मीडियावरचे मेसेज असं काही झालं तर ते क्लबाच्या पलीकडचं आहे, पोलिसांच्या १०१ क्रमांकावर कळवा. आणि क्लबच भेदभाव करतोय असं पुढे दिसलं तर २०१० चा इक्वालिटी कायदा पंचवीस किंवा जास्त सदस्य असलेल्या क्लबांनाही लागू होतो, हे माहीत असू द्या. आत्ताच त्याची धमकी द्यायची गरज नाही.

कॅप्टनचं ‘थट्टा’ हे उत्तर एकट्या तुमच्या क्लबाचं नाही. यॉर्कशायर क्लबातल्या पाकिस्तानी वंशाच्या अझीम रफीकनं २०२० मध्ये उघडपणे तक्रार केली, त्यानंतरच्या चौकशीतही हाच शब्द एका शिवीसाठी वापरला गेला होता. २०२१ मध्ये प्रकरण संसदेच्या समितीपुढे गेलं, प्रायोजक निघून गेले, आणि २०२३ मध्ये क्लबाला चार लाख पौंडांचा दंड (त्यातले तीन लाख स्थगित) आणि काउंटी चँपियनशिपमध्ये ४८ गुणांची कपात झाली. त्याच वर्षी इंग्लंडच्या क्रिकेटमधल्या भेदभावावर स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. चार हजारांहून जास्त लोकांनी आयोगाला माहिती दिली होती, त्यात भारतीय वंशाच्या ८२ टक्के लोकांनी भेदभाव अनुभवल्याचं सांगितलं. हे लोक स्वतःहून पुढे आलेले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. तरी क्लबाच्या बैठकीत कुणी ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ म्हणालं तर हा अहवाल पुढे ठेवायला हरकत नाही. त्यानंतरच तक्रारींसाठी मंडळातच, पण स्वतंत्रपणे काम करणारी यंत्रणा, क्रिकेट रेग्युलेटर, उभी राहिली. ती तुमच्या तिसऱ्या संघाच्या सामन्यात धावत येणार नाही, पण क्लब आणि लीगचे लोक आता अशा ईमेलला पूर्वीपेक्षा घाबरून असतात. त्याचा फायदा घ्या, त्यात गैर काही नाही.

मुलगा म्हणतो विषय वाढवू नका, त्याचं काय? इथे त्याचं थोडं ऐका, सगळं नको. चौदा वर्षांच्या मुलाला ड्रेसिंग रूममध्ये आपण वेगळे दिसू नये असं वाटतं, आणि तिथे दर शनिवारी बसायचं त्यालाच आहे. म्हणून त्याच्याशी असा सौदा करा : क्लबाच्या ऑफिसरला कळवणं हे आईवडिलांचं काम, त्यावर त्याचा नकार चालणार नाही. पण त्यानं स्वतः कुणासमोर बोलायचं की नाही, सोशल मीडियावर काही टाकायचं की नाही, पुढचे दोन शनिवार खेळायचं की फक्त वयोगटातले सामने, हे तो ठरवेल. ईमेलमध्ये ‘मुलाला सध्या स्वतः बोलायचं नाही’ असं लिहिता येतं. तुमच्याशी बोलायला त्याला जड जात असेल तर चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये असू द्या. तो मोफत आहे, आणि फोन केला हे तुम्हाला कळवायचं बंधन त्याच्यावर नाही.

पुढच्या सामन्यात काय करायचं, हे मात्र त्याच्याशी आधी बोलून ठेवा, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. बॅटिंग करताना ऐकू आलं तर बॉलर रनअप सुरू करायच्या आधी क्रीझमधून बाजूला व्हायचं, हात वर करायचा, आणि अंपायरला एवढंच सांगायचं : ‘दुसऱ्या स्लिपमधून मला असं असं म्हटलं गेलं, त्यांच्या कॅप्टनला बोलवा.’ फील्डिंग करताना असेल तर आपल्या कॅप्टनकडे जायचं. स्वतः बॉलिंग टाकत असेल तर सगळ्यांत सोपं, ओव्हर संपल्यावर टोपी घ्यायला अंपायरकडे जावंच लागतं. २०१७ पासून क्रिकेटच्या ४२ व्या नियमात खेळाडूंच्या वागणुकीच्या पायऱ्या दिल्या आहेत, ताकीद आणि पाच धावांच्या दंडापासून ते खेळाडूला मैदानाबाहेर काढण्यापर्यंत. उलट शिवी द्यायची नाही, ती का ते त्याला सरळ सांगा : अंपायर बहुतेकदा दुसरी शिवीच ऐकतो, आणि मग अहवालात दोघांची नावं येतात. मोठ्यांच्या सामन्यांना घरातलं कुणीतरी सध्या सीमारेषेवर असावं. बसायला, आरडाओरडा करायला नाही.

काउंटीच्या चाचण्यांची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. क्लब क्रिकेट हे छोटं गाव आहे, माणसं एकमेकांना ओळखतात. पण वयोगटाची निवड काउंटीचे प्रशिक्षक करतात, तिसऱ्या संघाच्या लीगची शिस्तपालन समिती वेगळी. त्यातूनही शंका राहते, म्हणून आत्तापासून त्याच्या कामगिरीची वही ठेवा : किती ओव्हर, किती धावा दिल्या, विकेट, झेल, समोरचा संघ कुठल्या वयाचा. चाचणीच्या आधी क्लबाच्या प्रशिक्षकाकडून आणि चाचणीनंतर काउंटीकडून, निवड होवो वा न होवो, लेखी अभिप्राय मागा. ‘अजून कशावर काम करायला हवं?’ या प्रश्नाला ‘बॉलला उंची द्यायला घाबरतो, सीमारेषेवरून थ्रो कमी पडतो’ असं उत्तर आलं तर ते क्रिकेटचं उत्तर आहे, हिवाळ्यात त्यावर काम करता येतं. ‘अ‍ॅटिट्यूड’ असा एकच शब्द आला तर उदाहरण विचारा. निवड झाली नाही की प्रत्येक वेळी वर्णद्वेषच समजू नका, नाहीतर मुलाचा ऑफस्पिन सुधारायचा राहून जाईल. आणि कधीच नसतो असंही समजू नका. पुढे अठरा-एकोणीसचा झाल्यावर करार नसलेल्या दक्षिण आशियाई खेळाडूंसाठी साउथ एशियन क्रिकेट अकॅडमी आहे. जाफर चोहान, काशिफ अली यांच्यासारखे तिथले खेळाडू काउंटी संघांपर्यंत पोचलेत. चौदाव्या वर्षी दार बंद झालं म्हणजे संपलं, असं नाही.

एक थोडं अवघड बोलतो. मुलगा ज्या मराठी, भारतीय मुलांबरोबर खेळतो, ज्या घरगुती ग्रुपवर सामना बघतो, तिथे वेस्ट इंडियन किंवा आफ्रिकन खेळाडूंना काय म्हटलं जातं? वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीला आयपीएलमध्ये ‘काळू’ म्हणायचे, त्याला वाटायचं कौतुक आहे. अर्थ २०२० मध्ये कळला तेव्हा तो जाहीरपणे बोलला. त्या वेळीही कुणी तरी ‘प्रेमानं म्हणत होतो’ हेच उत्तर दिलं असणार. रफीकनंही २०११ मध्ये ज्यूंबद्दल पाठवलेले वाईट मेसेज पुढे उघडे पडले, त्यानं माफी मागितली. तक्रार करण्याआधी निष्कलंक असावं लागतं असं नाही. पण मुलाचे जुने मेसेज, ग्रुपवरचे विनोद एकदा त्याच्याबरोबर बसून पाहा. समोरचा पक्ष ते शोधतोच, आणि त्याखेरीजही ते पाहणं गरजेचं आहे.

क्लब सोडायचा का, हे तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत विचारलंय. आत्ता नको. तक्रार चालू असताना सोडलात तर क्लब ती बासनात गुंडाळेल. सप्टेंबरमध्ये शेवटचा सामना झाला, चाचण्या आटोपल्या, की क्लबानं काय केलं याचा हिशोब मांडा : पोच दिली का, कॅप्टनशी कुणी बोललं का, मुलाला त्यानंतर ओव्हर मिळाल्या की नुसतं फाइन लेगला उभं केलं. उत्तरं समाधानकारक नसतील तर हिवाळी इनडोअर नेट्स सुरू होण्याआधी आसपासचे दोन-तीन क्लब बघून या, तिथल्या सेफगार्डिंग ऑफिसरचं नाव आणि कनिष्ठ संघात किती वेगवेगळ्या घरांतली मुलं आहेत ते पाहा. वर्गणी एप्रिलच्या आसपास भरायची असते, तोवर मुलाला निवड करायला वेळ आहे.